जुन्या जीपची विंडशील्ड फ्रेम काउलवर नीट बसत नाही – मदत हवी आहे

पुढे आडवी होणाऱ्या काचेची जुनी जीप. बॉडी चॅसिसवर परत चढवली आहे. विंडशील्ड फ्रेमचं डावं बिजागर काउलवर (बोनेट आणि काचेमधला बॉडीचा भाग) सहज बसतं, उजवीकडचं मात्र भोकापासून 5-6 मिमी मागे राहतं. बोनेटची फटही त्याच बाजूला पुढे निमुळती होत जाते.

फ्रेम सपाट फरशीवर ठेवून पाहिली, पीळ नाही. चॅसिसचे कर्णही जुळतात. माउंटची (बॉडी चॅसिसला बोल्टने बसते त्या जागांची) रबरं नवी, बोल्ट अजून सैल, काच आणि रंग बाकी. भोकं कानशीने वाढवायची नाहीत. तो जुगाड पावसात हमखास गळतो.

उजव्या काउलखालच्या माउंटला शिम (उंची वाढवणारी पातळ चकती) घालून सुरुवात करू का? आणि मापं दरवाजे लावून घ्यायची, की आधी फ्रेम पक्की करून दरवाजे तिच्याशी जुळवायचे?