शब्दचर्चा: ‘ब्लॅक बॉक्स टेस्टिंग’ला मराठीत काय म्हणावं?

खानापूर
दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली आमच्या भागातली पोरं डिप्लोमाला गेली की पुस्तक इंग्रजी आणि वर्गातलं बोलणं बरंचसं कन्नड, अशा कात्रीत सापडतात. त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या मराठी टिपा लिहिते आहे. ब्लॅक बॉक्स टेस्टिंग म्हणजे आतला कोड न बघता, काय दिलं आणि काय मिळालं एवढ्यावरून केलेलं टेस्टिंग. एका ठिकाणी ‘काळी पेटी चाचणी’ असं वाचलं. पोरांना लगेच विमान आठवतं. दुसरा शब्द सुचतो का?

निपाणी
ताई, काळी पेटी नकोच. विमानातली ती पेटी असते नारिंगी, आणि आपल्याकडे नुसतं पेटी म्हटलं की बाजाची पेटी. त्यात ‘काळी चार’, ‘काळी पाच’ हे सूर. गोंधळात भर. मी ‘चाचपणी’ सुचवतो. डोळ्यांना दिसत नाही तेव्हा आपण चाचपूनच बघतो.

बेळगाव, टिळकवाडी
काका, शब्द छान आहे, पण मी रोज हेच काम करतो म्हणून सांगतो, तो इथं बसत नाही. चाचपणारा हाताला काय लागेल ते बघतो. आम्ही काय लागायला हवं ते आधी लिहून ठेवतो आणि मग हात घालतो. ते लिहिलेलं नसेल तर चाचणीला आधारच नाही.

समजा, बसच्या तिकिटाचं ॲप आहे आणि नियम दिलाय, ‘सहा ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट’. कोड माझ्यासमोर नाही. मी पाच, सहा, बारा, तेरा ही वयं घालून बघणार, कारण चुका बहुतेक हद्दीवर सापडतात. मधली आठ, नऊ, दहा सगळी तपासत बसत नाही, त्यांतलं एक पुरतं. पण बारा घालण्याआधीच अडतं. ‘बारा वर्षांपर्यंत’मध्ये बारा पूर्ण झालेलं पोर धरायचं का? घरात आपण ‘बारावं लागलं’ म्हणतो तेव्हा अकराच पूर्ण झालेली असतात. नियम लिहिणाऱ्याला विचारून उत्तर लेखी घ्यावं लागतं. कोड वाचणाऱ्याला तिथं ‘बारा किंवा कमी’ असं चिन्ह सरळ दिसतं, त्यामुळे त्याला ही शंका येतच नाही.

‘ब्लॅक’चा रंगाशी संबंध नाही. विद्युत अभियंत्यांपुढचा हा जुना प्रश्न: बंद पेटी, बाहेर फक्त जोडणीची टोकं, एकीकडून विद्युतदाब द्यायचा, दुसरीकडे काय येतं ते मोजायचं. इंग्रज शास्त्रज्ञ ॲशबी यांनी १९५६ साली सायबरनेटिक्सवरच्या (यंत्रांतलं आणि सजीवांतलं नियंत्रण अभासणाऱ्या शास्त्रावरच्या) पुस्तकात तो सविस्तर मांडला. ब्लॅक म्हणजे ‘आत न दिसणारं’. म्हणून ‘बाहेरून चाचणी’ म्हणा, आणि व्हाइट बॉक्सला, म्हणजे कोड बघून केलेल्या टेस्टिंगला, ‘आतून चाचणी’. ‘आतलं बघत नाही, बाहेरनं बघूलालो’ असं आपल्या बोलीत सांगितलं तरी पोरांना कळेल.

बेळगाव, वडगाव
‘बाहेरून’ला माझा पाठिंबा. ‘बाह्य चाचणी’ मात्र करू नका, कॉलेजात बाह्य परीक्षक असतात. युनिट टेस्टिंगसाठीच्या ‘घटक चाचणी’लाही जपा, शाळेतली ती परीक्षा पोरांच्या डोक्यात पक्की बसलेली असते, इथं मात्र कोडचा लहान तुकडा तपासणं असा अर्थ, आणि ते बहुधा तो लिहिणाराच आतून करतो.

टिपांत आणखी एक घाला. जो भाग लिहायचाच राहून गेला, तो आतून बघणाऱ्याला कोडमध्ये कुठून दिसणार? बाहेरून बघणारा नियमाच्या यादीवर बोट ठेवून विचारतो, हे कुठाय? उलट, कुणी आत एखादी आडवाट ठेवली असेल तर ती बाहेरच्याला सहसा सापडत नाही. दोन्ही लागतात.

खानापूर
हे घेते. आणखी एक: संगणक मजकुरातलं एकेक चिन्ह मोजतो त्या ‘कॅरेक्टर’ला मी ‘अक्षर’ लिहिलंय. ‘गावाच्या नावात कमाल २० अक्षरं’. बरोबर?

बेळगाव, टिळकवाडी
ताई, इथंच थांबा. ‘येळ्ळूर’ लिहून बघा. आपण मोजली तर तीन अक्षरं: ये, ळ्ळू, र. संगणक युनिकोडनं, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीनं, ती अशी ठेवतो: य, एकाराची मात्रा, ळ, हलन्त, ळ, दीर्घ ऊकार, र. म्हणजे सात. आणि यूटीएफ-८ या नेहमीच्या पद्धतीनं साठवताना प्रत्येकाला तीन बाइट (बाइट म्हणजे साठवणुकीचं माप), एकूण एकवीस. मर्यादा २० ची असेल आणि आत बाइट मोजत असतील तर येळ्ळूरच बसणार नाही. इंग्रजी स्पेलिंग घातलं तर सहज बसेल. नुसतं इंग्रजी घालून तपासणाऱ्याला ही चूक दिसणारच नाही. कन्नड लिपीचंही असंच, तिथंही जोडाक्षर फोडूनच ठेवतात.

कोडची एक ओळ न वाचता ही चूक पकडता येते, फक्त आपल्या गावांची नावं आपल्या लिपीत घालायला हवीत. ‘महाराष्ट्र’ घाला, ‘खानापूर’ घाला, नाव मधेच कापलं जातं का बघा. आणि टिपांत ‘अक्षर’ नको, ‘कॅरेक्टर’च ठेवा.

निपाणी
पटलं. चाचपणी मागे घेतो. पण ताई, प्रत्येक धड्याच्या मथळ्यात ‘ब्लॅक बॉक्स टेस्टिंग’ आहे तसं देवनागरीत ठेवा आणि खाली ‘बाहेरून चाचणी’. परीक्षेला पेपर इंग्रजीत येणार, तिथं पोरांना मूळ नावच ओळखायला लागेल.

खानापूर
तसंच करते, काका. वयाचं आणि येळ्ळूरचं, दोन्ही उदाहरणं पहिल्याच धड्यात घालते.