काटापट्टीचं सॉफ्टवेअर: इलेक्ट्रॉन की आणखी काही?

गोदाकाठ: पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी काटापट्टीचं, म्हणजे वजनाच्या पावतीचं सॉफ्टवेअर करायचंय. काटा आरएस-२३२ वरून, म्हणजे सिरियल पोर्टवरून वजन पाठवतो. खळ्यावरच्या पीसीत विंडोज ७, ३२-बिट, २ जीबी रॅम. नाशिकच्या ऑफिसात उबुंटू २२.०४ (लिनक्स). कोड एकच हवा, पावती मराठीत. जावास्क्रिप्ट येते, म्हणून त्यातच डेस्कटॉप ॲप बनवायचं इलेक्ट्रॉन घ्यावं म्हणतो.

सातपूरकर: इलेक्ट्रॉन खळ्यावरच अडेल. आवृत्ती २३ पासून विंडोज ७ आणि ८ बंद झाले. २२ वर थांबलात तर सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, शिवाय २ जीबीत आख्खं क्रोमियम ब्राउझर चालवायचं. ॲप बनवायची दुसरी साधनं बघितली तर क्यूट ६ ला विंडोज १० लागतं. डॉटनेट माउई लिनक्सवर अधिकृतपणे नाहीच.

लझारस घ्या, पास्कल भाषेत ॲप बनवायचं साधन. पास्कल म्हटलं की पोरं नाक मुरडतात, पण या कामाला तेच बसतं. ३२-बिट बिल्ड करा, चालवायला वेगळं रनटाइम टाकावं लागत नाही. डेटाबेससाठी एसक्यूलाइट वापरणार असाल तर तिची डीएलएल (लायब्ररीची फाइल) ही ३२-बिटच ठेवा, नाहीतर लायब्ररी सापडतच नाही. पहिली एक्झे अवाढव्य दिसेल. ती डीबगची माहिती असते, रिलीज मोडमध्ये उतरते.

द्राक्षबाग_डेव्ह: त्यापेक्षा खळ्यावरही हलकं लिनक्स टाका ना. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय.

सातपूरकर: विंडोजवरची टॅली कुठे चालवणार मग?

अंबड_लिंक_रोड: टूल कुठलंही घ्या, घोळ पोर्टवर होतो. लझारसमध्ये सिरियल पोर्टसाठी सिनासर ही लायब्ररी वापरा. बहुतेक काटे ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशा सेटिंगवर असतात, तरी मॅन्युअल बघाच. ४५२.५० हे वजन एका दमात येईलच असं नाही. आधी ४५, मग २.५० येतं. शेवटची खूण मिळेपर्यंत बफरमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) साठवा, नाहीतर पट्टीवर ४५ किलो छापून शेतकऱ्याशी भांडण. वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे स्क्रीनपासून स्वतंत्र चालेल असं ठेवा, नाहीतर काटा गप्प बसला की स्क्रीन गोठते.

उबुंटूवर पोर्ट वापरायची परवानगी मिळावी म्हणून युजर डायलआउट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. सीएच३४० चिपची यूएसबी-सिरियल केबल असेल तर २२.०४ वर पोर्ट दिसतो न दिसतो तोच गायब होतो. ब्रेल डिस्प्लेसाठीची बीआरएलटीटीवाय सेवा तो बळकावते. ते पॅकेज काढून टाका.

पंचवटी_प्रिंट: पावतीचं राहिलं. थर्मल प्रिंटरच्या टेक्स्ट मोडमध्ये सहसा देवनागरी नसते. पावती चित्र म्हणून काढून पाठवा. ८० मिमीच्या बहुतेक प्रिंटरला रुंदी ५७६ ठिपके. दोन्हीकडे नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट एकाच आवृत्तीचा टाका, म्हणजे ओळी सारख्याच तुटतील.

गोदाकाठ: लझारसच धरतो. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे, तिथेच बिल्ड केलं तर?

सातपूरकर: नको. नव्या जीलिबसीवर (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) जोडलेली फाइल जुन्या उबुंटूवर बऱ्याचदा उघडतच नाही. २२.०४ चं व्हर्च्युअल मशीन टाका, लिनक्सचं बिल्ड त्यातच करा.