अनुभव धागा : बेळगावकडच्या वाटेवर दिसलेल्या पाट्या

सीमाभागात पाटी रंगवणाऱ्यापुढं पहिला प्रश्न असतो, वाचणार कोण? कन्नड वाचणारा, मराठी वाचणारा, गोव्याहून घाट चढून आलेला, की अक्षरओळखच नसलेला? एवढा विचार करून लिहिलेल्या पाट्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं जागोजागी भेटतात. त्या एकत्र कराव्यात असं फार दिवस मनात होतं. तुम्ही पाहिलेली गमतीदार किंवा वेगळी पाटी लिहा. कुठं दिसली आणि कुणासाठी होती, हे मात्र नक्की सांगा.

सुरुवात मी करते. जांबोटीहून कणकुंबीकडं, म्हणजे मलप्रभेच्या उगमाकडं जाताना जंगल दाट होत जातं आणि फोन मुके होतात. तिथं एका वळणावरच्या कातळावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलंय: ‘रेंज इथंच येते. बोलताना मागे सरकू नये, चर आहे.’ आम्ही गाडी थांबवली. खरंच रेंज आली. कातळाला लागून बसायला एक सपाट धोंडा ठेवलेला, आणि वरच्या फांदीला छत्री अडकवायला तारेचा आकडा. तिथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना त्या आकड्याची किंमत कळेल. खाली कोळशानं कुणीतरी भर घातली होती, ‘पाच मिनिटं झाली की दुसऱ्याला जागा द्या.’ शेजारी एक पोरगा कागदपत्रांची पिशवी घेऊन उभा होता. म्हणाला, “ताई, तुमचं झालं की सांगा हं, मला कॉलेजचा फॉर्म भरायचाय.” पाटी त्याच्या काकांनी रंगवलेली. बोलता बोलता माणसं मागं सरकायची आणि थेट चरात जायची, म्हणून. आम्ही लगेच जागा सोडली.

निपाणी
पुणे-बेंगळुरू हायवेवर कोगनोळीच्या अलीकडं एका पंपावर मोठ्या मराठी अक्षरांत ‘कर्नाटकातील शेवटचा पेट्रोल पंप, डिझेल पुढे महाग’ असं लिहिलेलं पाहिलंय. थोडं पुढं गेलं की दुसरा पंप, तोही ‘शेवटचा’. त्याच्या पुढं तिसरा : ‘हाच शेवटचा’. आमचे मामा ट्रकवर होते. ते ‘हाच’ येईपर्यंत दम धरायचे आणि तिथं टाकी फुल करायचे.

खानापूर
आम्ही रेल्वेनं लोंढ्याला जायचो. रुळांच्या कडेला पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ लिहिलेलं असतं. आम्हा पोरांना वाटायचं, हे कुणाचं तरी नाव आहे. आजोबा रेल्वेत होते, त्यांनी सांगितलं : सीटी, फाटक. पुढं फाटक आहे, ड्रायव्हरनं शिटी वाजवायची. मग काय, पाटी दिसली की सगळा डबा आम्ही गप्प करायचो आणि शिटी झाली की टाळ्या!

दुसरी चिकोडी रोड स्टेशनची. स्टेशनाच्या नावात ‘रोड’ असलं की गाव लांब, हे नेहमीच्या माणसाला ठाऊक असतं, नव्याला कुठलं? आमच्या पुण्याच्या मावशी चिकोडी आली म्हणून उतरल्या. बाहेर रिक्षावर पाटी : ‘चिकोडी इथं नाही. बसा, सोडतो.’ मावशींना ती पाटी एवढी आवडली की भाड्याची घासाघीसही केली नाही त्यांनी.

शहापूर, बेळगाव
मी स्वतः बोर्ड रंगवतो, वडिलांपासूनचं काम. २०२४ मध्ये बोर्डावर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा झाला, तेव्हा आमच्याकडं रीघ लागली. जुन्या बोर्डावर खडूची दोरी मारायची, माप घ्यायचं आणि सगळं नव्यानं बसवायचं. कन्नडची जोडाक्षरं खाली लोंबतात, मराठीच्या मात्रा आणि वेलांट्या वर चढतात. कन्नड ओळीखाली मराठी ओळ घेतली की मधे दोन्ही एकमेकांत घुसतात, तिथं जास्त जागा सोडावी लागते. फ्लेक्सवाल्याला कॉम्प्युटर करून देतो, आम्हाला डोळ्यानं करावं लागतं.

एका डॉक्टरांचा दातांच्या दवाखान्याचा बोर्ड होता. वर कन्नड, खाली मराठी आणि इंग्रजी, आणि मधे वडिलांनी काढलेला भलामोठा दात. डॉक्टर फूटपट्टी घेऊन आले आणि विचारलं, “हा दात कुठल्या भाषेत धरायचा?” अर्धा तास चर्चा झाली. शेवटी दात लहान करून एका कोपऱ्यात घेतला. वडिलांचं काम पुसायला माझा हात होईना, म्हणून तो नवा बोर्ड वेगळ्या पत्र्यावर केला. जुना पत्रा डॉक्टरांनी दवाखान्याच्या आत भिंतीला लावलाय. खेड्यातून येणारे पेशंट अजून ‘मोठ्या दाताचा दवाखाना’ असंच विचारत येतात.

चंदगडकडचं एक गाव
वरच्या अण्णांनी जोडाक्षरांचं लिहिलंय ते वाचून आजी आठवली. आजीला कुठलीच अक्षरं येत नव्हती. बेळगावला बाजार करून सीबीटीवर, म्हणजे तिथल्या बसस्टँडवर, यायची आणि कर्नाटकच्या गाडीत बरोब्बर बसायची. तिची खूण अशी : बोर्डावर दुसऱ्या जागी बांगडी दिसली पाहिजे. कन्नडमध्ये चंदगड लिहिताना ‘च’नंतरचा अनुस्वार पूर्ण गोल काढतात, ती तिची बांगडी. पण संकेश्वर लिहितानाही दुसऱ्या जागी बांगडीच येते! आजीनं तेही हेरलं होतं. “खाली लोंबतंय ते संकेश्वर, आपलं नव्हं ते.” कंडक्टरला विचारायची तिला कधी गरज पडली नाही. पुढं मी कन्नड शिकले ती आजीच्या बांगडीपासून.

येळ्ळूर
गमतीची नाही, पण वेगळी पाटी विचारलीत म्हणून लिहितो. आमच्या गावाला ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ असा फलक होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, पण गावाचं म्हणणं त्या फलकावर उभं होतं. राजहंसगडावर निघालेली पोरं तिथं थांबून फोटो काढायची. जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून तो हटवला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचं नाव सरकारदरबारी बेळगावी झालं. त्यानंतरही कितीतरी दिवस आमचा वडापवाला तिथं आला की मागं वळून विचारायचा, “बोर्डाजवळ कोण उतरणार?” आणि लोक उतरायचे.

टिळकवाडी
रेल्वे गेटजवळच्या टपरीवर : ‘गेट पडले की चहा टाकतो. गेट उघडायच्या आत देतो.’ दिलेला शब्द तो पाळतो, मी कितीदा पाहिलंय.

आणि बाजारातल्या एका मांड्यांच्या दुकानात : ‘मांडे मांडीवर घेऊन बसावे. बसच्या रॅकवर ठेवल्यास पुढची जबाबदारी आमची नाही.’ मांडा कागदासारखा पातळ, बोट लागलं तरी तुटतो. मुंबईला लग्नाला मांडे नेणाऱ्यांनी ही सूचना मनावर घ्यावीच. आम्ही आळीपाळीनं मांडीवर घेतले, रात्रभर, आणि सगळे अख्खे पोचले.

संकेश्वर
खानावळीत : ‘ठेचा झेपेल तेवढाच घ्या. मिरची गावचीच आहे.’ बाहेरच्यांनी विश्वास ठेवावा.

रायबाग
आमच्याकडं गळीत हंगामात रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यामुळं ओव्हरटेक करायला दम लागतो. एकदा मागच्या ट्रॉलीच्या बाजूला वाचलं, ‘एवढी घाई होती तर’. पुढच्या ट्रॉलीवर, ‘काल का नाही निघालास?’ मागून येणारा आधी मागची ट्रॉली वाचणार, हे धरून लिहिलेलं! आणि समोरून येणाऱ्याला उलटं दिसतं, ‘काल का नाही निघालास? एवढी घाई होती तर’, तेही चपखल बसतं. कारखान्याच्या रांगेत तोच ट्रॅक्टर पुन्हा भेटला, तेव्हा ड्रायव्हरदादांना शाबासकी दिली. ते म्हणाले, “डाव्या अंगाला पण बघा की.” तिकडं, शाळकरी पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर, लहान अक्षरांत कन्नड आणि मराठीत एकच मजकूर होता, ‘ऊस ओढू नये. मागितला तर देतो.’ आम्ही मागितला. त्यांनी दोन कांडी मोडून दिली.