चार मोटरी आल्या म्हणून लॉकर भंगारात?

आडवाट:
शेजारच्या धाग्यावर कोणीतरी निकाल देऊन मोकळं झालंय: प्रत्येक चाकाला वेगळी मोटर असली की लॉकर (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडणारा) आणि लो-रेंज (जोर वाढवणारा सावकाश गिअर) भंगारात, आणि इलेक्ट्रिक पिकअप कमी निघतात ते कंपन्या मुद्दाम हात आखडता घेतात म्हणून. उचलली जीभ लावली टाळ्याला.

लॉकर लावला की एक चाक हवेत गेलं तरी त्या ॲक्सलचा सगळा टॉर्क (फिरवण्याचा जोर) जमिनीवरच्या चाकाला मिळतो. चार मोटरींत हवेतल्या चाकाची मोटर नुसती बघत बसते, तिची ताकद शेजाऱ्याला देता येत नाही. मोटर 300 न्यूटन-मीटरची, गिअरने 12 पट, चाकाची त्रिज्या 0.41 मीटर धरा. एका चाकाला 8,800 न्यूटनच्या आसपास जोर. 3,200 किलोची गाडी 20 अंशांच्या चढावर नुसती धरून ठेवायलाच 10,700 लागतात. उगाच नाही जीएमसीने हमर ईव्हीला मागे दोन मोटरी देऊनही पुढच्या एका मोटरीला खरा लॉकर जोडला.

चौमोटरी:
गणित बरोबर, निष्कर्ष लंगडा. तिरक्या खड्ड्यात दोन चाकं हवेत गेली तरी दोन टेकलेली असतात, झाले 17,600. आणि एकच चाक पकडतंय असं धरलं, त्यावर अर्धं वजन आलं, घर्षण 0.7 घेतलं, तर पकडच 10,300 ची. तुमची लॉकरवालीही तिथे माती उकरत बसेल. आधी टायर बघा, मग मोटरी मोजा.

आडवाट:
बरं, 20 अंशांचं उदाहरण मागे घेतो. खूश? आता तापण्याचं बोला. पायरीसारख्या दगडाला चाक टेकलंय, रोटर (मोटरचा फिरणारा भाग) थांबलाय, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून धरलाय. करंट फेज (मोटरमधली गुंडाळी) बदलत नाही, मोटरला करंट पुरवणाऱ्या इन्व्हर्टरचे तेच ते स्विच तापत राहतात आणि सॉफ्टवेअर टॉर्क कापतं. ऐन दगडावर.

चौमोटरी:
कापतं, मान्य. पण अशा गाडीत ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायचीच नसते. ब्रेकवर धरा, चाक सरळ करा, मग हळूहळू टॉर्क चढवत ब्रेक सोडा. ही सवय डिझेलवाल्यांना नसते, आणि नाव मोटरीचं खराब.

जुनाडिझेल:
डिझेलवाले आलेच का मध्ये! जीप रँग्लर रुबिकॉनच्या मॅन्युअलचा क्रॉल रेशो (सगळ्यात सावकाश गिअरमध्ये टॉर्क किती पट होतो तो आकडा) 84 च्या घरात. तुमचा 12. आणि मोटर चाकाच्या आतच बसवण्याची हौस लॉर्ड्सटाउन या अमेरिकन इलेक्ट्रिक पिकअप कंपनीने केली होती. 2021 च्या मेक्सिकोतल्या सॅन फेलिपे शर्यतीत 280 मैलांपैकी 40 मैलांवर माघार. पुढे 2023 मध्ये दिवाळखोरी.

चौमोटरी:
84 लागतो कारण इंजिन शून्य आरपीएमला टॉर्क देत नाही. मोटर देते. आणि रिव्हियनच्या (चार मोटरींचे पिकअप काढणारी अमेरिकन कंपनी) मोटरी चाकात नाहीत, चासीवर आहेत. म्हणून स्प्रिंगखालचं, चाकाबरोबर उसळणारं वजन वाढत नाही. दोन्हींची खिचडी करू नका.

उतारवाला:
लॉकर लॉकर करताय, उतरणार कसे? माथ्यावर बॅटरी 100 टक्के भरून निघालात तर रिजेन (मोटरीनेच वेग आवरून बॅटरी भरणं) जवळपास मिळतच नाही, तीन टनांचा सगळा भार साध्या ब्रेकवर. 80-85 वर थांबा. सैल खडीवर रिजेन एकदम जोरात लागलं तर चाक घसरतं, म्हणून ते कमी ठेवा. आणि तापलेला बॅटरी पॅक गार पाण्यात घालू नका. आतली हवा आकसते, आणि सील किंवा व्हेंट खराब असेल तर पाणी आत ओढलं जातं. पाच-दहा मिनिटं थांबायला काय जातं?

शॉपफ्लोअर:
धाग्यातला दुसरा मुद्दा सगळे विसरलेत. हात आखडता? रिव्हियनने 2022 मध्ये 25,000 चं लक्ष्य ठेवून 24,337 गाड्या काढल्या. 2024 मध्ये तर एका भागाच्या तुटवड्यापायी लक्ष्यच 57,000 वरून 47 ते 49 हजारांवर आणावं लागलं. एक भाग अडला की लाइन अडते.

टेस्लाचा सायबरट्रक घ्या. नोव्हेंबर 2019 ला दाखवला, पहिल्या गाड्या 30 नोव्हेंबर 2023 ला दिल्या. पुढे ॲक्सिलरेटरची पट्टी पेडलवर सरकवायला सोपं जावं म्हणून लाइनवर साबण लावला, तोही मंजुरीविना. साबण आत राहिला, पट्टी निसटून वरच्या ट्रिममध्ये अडकू शकत होती, म्हणजे पेडल दाबलेलंच. एप्रिल 2024 ला 3,878 गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या (रिकॉल). मार्च 2025 ला 46,096: छताच्या कडेची स्टेनलेस पट्टी ज्या गोंदाने चिकटवली तो ठिसूळ होत होता. उपाय काय, तर पट्टीला स्टड वेल्ड करून नट आवळणे.

जुनाडिझेल:
म्हणजे शेवटी नट-बोल्टच.

शॉपफ्लोअर:
नट-बोल्टवर जास्त उड्या मारू नका. रिव्हियनचे 2022 चे 12,212 रिकॉल पुढच्या अप्पर कंट्रोल आर्मचा (चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा) बोल्ट नीट न आवळल्याचे होते. मुद्दाम कमी गाड्या बनवणारी कंपनी मुद्दाम बोल्टही सैल ठेवते का, हे शेजारच्या धागावाल्याला विचारा.

आडवाट:
तो इकडे फिरकलेला नाही. चौमोटरी, डबल मोटरवाल्या (ॲक्सलमागे एकच मोटर) रिव्हियनला लॉकर हवा होता, एवढं तरी कबूल कराल?

चौमोटरी:
त्याला हवा होता. चार मोटरींना नाही. आता झोपा.