मदत हवी आहे: इन्स्टॉलरमधून फक्त ड्रायव्हरच्या फाइल्स कशा काढायच्या?

जुना यूएसबी स्कॅनर ६४-बिट विंडोज ११ वर चालवायचाय. मूळ सेटअप सुरू होताच 'ही विंडोज आवृत्ती चालणार नाही' म्हणून बंद पडतो. कंपॅटिबिलिटी मोडमध्येही (जुन्या विंडोजसारखं चालवून) तेच. मला त्यातले बाकीचे सॉफ्टवेअर नकोच आहे; आयएनएफ (इन्स्टॉलच्या सूचना), सिस (प्रत्यक्ष ड्रायव्हर) आणि कॅट (डिजिटल सही) फाइल्स मिळाल्या की डिव्हाइस मॅनेजरमधून 'हॅव डिस्क' करून (ड्रायव्हरची जागा स्वतः दाखवून) बघेन.

सेव्हन-झिपने (झिपसारख्या फाइल्स उघडणारं सॉफ्टवेअर) सेटअप उघडला तर आत नुसते '.टेक्स्ट', '.आरएसआरसी' असे प्रोग्रामचे अंतर्गत भाग दिसतात. मग एरर मेसेज पडद्यावर असतानाच टेम्प फोल्डर कॉपी करून ठेवला (ओके दाबलं की तो लगेच पुसला जातो). त्यात डेटा१.कॅब (दाबून भरलेल्या फाइल्सचा गठ्ठा) आणि डेटा१.एचडीआर (त्याची सूची) सापडल्या, पण एमएसआय (विंडोजचं इन्स्टॉल पॅकेज) फाइल नाही, त्यामुळे ती उघडणाऱ्या एमएसआयएक्झेक कमांडचा उपाय बाद. ही कॅब इन्स्टॉलशील्डची (सेटअप बनवण्याचं सॉफ्टवेअर) असल्याने विंडोजची एक्सपांड कमांड आणि सेव्हन-झिप दोन्ही ती उघडत नाहीत.

स्कॅनर आधी जोडलेला जुना संगणक आता नाही, म्हणजे त्याच्या ड्रायव्हरस्टोअरमधून (विंडोज ड्रायव्हर साठवते तो फोल्डर) कॉपी करणंही शक्य नाही. लिनक्सवर अनशील्ड (अशा कॅब उघडणारं साधन) चालतं हे माहीत आहे, पण माझ्याकडे फक्त विंडोज आहे. अनोळखी साइटवरचे ड्रायव्हर मला टाकायचे नाहीत.

तर विंडोजवरच ही कॅब खात्रीने उघडणारं साधन कोणतं? आणि आत ६४-बिट ड्रायव्हर आहे की नाही, हे आयएनएफमध्ये नेमकं कुठे बघायचं?