मदत हवी आहे: परदेशी बँक घेतल्यावर नफा वाढला, पण आरओई (भागधारकांच्या पैशावरचा परतावा) घसरला. भागधारकाच्या बाजूने हिशेब कसा लावायचा?

ताळेबंदवाचक

एका व्यापारी बँकेने दुसऱ्या देशातली बँक शंभर टक्के विकत घेतली. नाव बाजूला ठेवतो, आकडे गोल करून एकाच चलनात आणि कोटींमध्ये देतो.

घेणारी बँक: स्वनिधी (भागधारकांचं भांडवल) ६०००, निव्वळ नफा ८४०, शेअर १०० कोटी, बाजारमूल्य ७५००.
घेतलेली बँक: किंमत १५००, मूर्त नक्त मत्ता (देणी वजा जाता उरलेली प्रत्यक्ष मालमत्ता) ९००, नफा १३५, जोखीम-भारित मालमत्ता (जोखमीनुसार वजन देऊन मोजलेली कर्जं वगैरे) ७५००.

पैसा नवे शेअर काढून उभा केला. व्यवस्थापनाचं म्हणणं असं की उपकंपनीचा आरओई १५ टक्के आणि आपला १४, म्हणजे सरासरी वरच जाणार. प्रत्यक्षात एकत्रित आरओई १३ वर आला. यात चूक कुठे आहे? ही घसरण सुरुवातीची म्हणून सोडून द्यावी का? आणि त्या देशाचं चलन पडलं तर हिशेबात ते कुठे दिसेल?

मूर्तभांडवल

चूक छेदात आहे. १५ टक्के हा आकडा ९०० वर काढलाय, भागधारकांनी मोजले १५००. १३५ भागिले १५०० म्हणजे ९ टक्के. मधले ६०० म्हणजे गुडविल, मूर्त मत्तेपेक्षा जास्त मोजलेली किंमत. बासेल ३ या आंतरराष्ट्रीय बँक नियमांत गुडविल सीईटी-१ (सर्वांत भक्कम) भांडवलातून पूर्ण वजा होतं, म्हणून त्याच्यामागे रुपयाला रुपया स्वनिधी लागतो, ठेवींवर ते उभं राहत नाही. उरलेले ९०० म्हणजे ७५०० वर १२ टक्के, तेही नियामकासाठी अडकलेले. म्हणजे १५०० च्या १५०० कामाला लागले.

प्रति शेअर बघा. आधी ८४० भागिले १०० म्हणजे ८.४०. ७५ च्या भावाने १५०० उभे करायला २० कोटी शेअर लागतात, म्हणून नंतर ९७५ भागिले १२०, म्हणजे ८.१३. कारण साधं आहे: स्वतःचा शेअर नफ्याच्या ८.९ पट भावाने विकला आणि समोरची बँक ११.१ पटीने घेतली. स्वस्त कागद देऊन महाग वस्तू घेतली की प्रति शेअर मिळकत घटणारच.

ही घसरण तात्पुरती आहे का, हे ठरवायला एकच कसोटी लावा. त्या देशातल्या जोखमीला साजेसा भांडवलाचा खर्च ११ टक्के धरला तर दरवर्षी १६५ हवेत, येतात १३५. नफा २२ टक्के वाढेपर्यंत भागधारकाचं मूल्य कमीच होतंय. ही वाढ खर्चकपातीतून येणार असेल तर सावध राहा. एकाच शहरातल्या दोन बँका एकत्र आल्या की शाखा बंद करता येतात. वेगळ्या देशातली बँक घेतल्यावर शाखा एकमेकींवर येतच नाहीत. बचत होते ती तंत्रप्रणाली आणि मुख्यालयाच्या खर्चात, तीही एकत्रीकरणाचा मोठा खर्च आधी सोसून.

ताळेबंदवाचक

समजलं. हाच व्यवहार शिल्लक भांडवलातून केला असता तर प्रति शेअर मिळकत वाढली असती ना?

मूर्तभांडवल

वाढली असती, पण तिथेच बहुतेक जण फसतात. शिल्लक १५०० वर करोत्तर ३ टक्के, म्हणजे ४५ मिळत होते असं धरू. ८४० वजा ४५ अधिक १३५ म्हणजे ९३०, प्रति शेअर ९.३०. ८.४० च्या तुलनेत छान दिसतं. पण त्याच १५०० मध्ये ७५ च्या भावाने २० कोटी शेअर परत घेतले असते तर ७९५ भागिले ८० म्हणजे ९.९४. विस्ताराची तुलना 'काहीच केलं नाही' याच्याशी करू नका, 'पैसे भागधारकांना परत दिले' याच्याशी करा.

उगमकर

वरच्या हिशेबात १३५ पूर्ण हाताशी आहेत असं गृहीत धरलंय. तसं क्वचितच असतं. समजा उपकंपनी नफ्याच्या ६० टक्के लाभांश देते आणि तिथे लाभांशावर १० टक्के उगमकर (पैसे देतानाच कापला जाणारा कर) आहे. ८१ निघाले, ८.१ कापले, ७२.९ घरी आले. उरलेले ५४ तिथेच राहिले. त्यांची पुन्हा चांगल्या दराने गुंतवणूक होत असेल तर ठीक. नसेल तर कागदावर नफा आणि मूळ बँकेत लाभांश द्यायला रोकड नाही. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रियाची रायफायझन बँक इंटरनॅशनल. २०२२ नंतर तिच्या रशियातल्या उपकंपनीने भरपूर नफा दाखवला, पण निर्बंधांमुळे तो मूळ कंपनीपर्यंत पोहोचेना.

शाखा की उपकंपनी, हाही प्रश्न इथेच येतो. बासेलच्या मर्यादेनुसार एका कर्जदार गटाला टिअर-१ (मुख्य) भांडवलाच्या २५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. तुमची ९०० ची उपकंपनी २२५ देऊ शकते. मूळ बँकेची शाखा असती तर मर्यादा ६००० वर मोजली गेली असती, म्हणजे १५००. म्हणून मोठ्या कंपन्यांना कर्ज द्यायचं तर शाखा, आणि सामान्य ठेवीदारांकडून स्वस्त ठेवी गोळा करायच्या तर उपकंपनी, असा कल असतो. शाखेला ठेवी कमी मिळतात, बाजारातून घाऊक पैसा घ्यावा लागतो आणि व्याजातला फरक आक्रसतो. तोटा झाला तर शाखेचा थेट मूळ बँकेवर येतो.

दरफरक

चलनाबद्दल. ते ३० टक्के पडलं असं धरा. मूर्त मत्ता ९०० ची ६३० झाली. आयएएस २१ या आंतरराष्ट्रीय लेखामानकानुसार गुडविलही त्या परदेशी व्यवसायाची मत्ता मानतात, त्यामुळे ६०० चे ४२० झाले. एकूण ४५० गेले, पण नफा-तोटा पत्रकात त्यातलं काही दिसणार नाही. ते 'इतर सर्वसमावेशक उत्पन्ना'तून थेट भाषांतर राखीव निधीत (परकी चलनातले आकडे आपल्या चलनात मांडताना पडलेला फरक जिथे साठतो) जातं. पुढच्या वर्षी नफाही ३० टक्के कमी, छेदही ३० टक्के कमी, म्हणून उपकंपनीचा आरओई जसाच्या तसा! भागधारकाचे ४५० गेले आणि गुणोत्तराला पत्ताच नाही. म्हणून आरओईच्या शेजारी प्रति शेअर पुस्तकी मूल्य लिहायचंच.

भांडवल पर्याप्ततेचा (जोखीम-भारित मालमत्तेच्या तुलनेत भांडवल किती, याचा) फटका मात्र वाटतो तेवढा नसतो. सीईटी-१ मधून २७० जातात (गुडविल आधीच वजा होतं), पण जोखीम-भारित मालमत्ताही ७५०० ची ५२५० होते. नियामकाचं प्रमाण बरंचसं सावरतं, भागधारकाचं मूल्य सावरत नाही.

हेजिंग (चलन पडण्यापासून आधीच घेतलेलं संरक्षण) करता येतं, पण त्याचा खर्च साधारण दोन देशांच्या व्याजदरांतल्या फरकाइतका. तिथे १२ आणि इथे ४ टक्के असेल तर वर्षाला ८ टक्के. ९ टक्के मिळवणाऱ्या गुंतवणुकीला ते परवडत नाही. त्यामुळे अशा चलनांत बँका बऱ्याचदा हेज करतच नाहीत.

साचलेला तोटा विक्रीच्या दिवशी वर येतो. एचएसबीसीने अर्जेंटिनातला व्यवसाय विकला, तेव्हा (व्यवहार २०२४ मध्ये पूर्ण झाला) भाषांतर निधीतला सुमारे ५ अब्ज डॉलरचा जुना तोटा नफा-तोटा पत्रकात आला. भांडवलातून तो आधीच गेलेला होता, म्हणून सीईटी-१ वर त्याचा नवा परिणाम नव्हता.

वसुलीदार

सगळा दोष किमतीला आणि चलनाला देऊ नका. मोठे तोटे बहुतांशी कर्जाच्या दर्जातून आणि लांबून न दिसणाऱ्या जोखमीतून आलेत. एचएसबीसीने २००३ मध्ये अमेरिकेतली हाउसहोल्ड इंटरनॅशनल घेतली, कमकुवत पत असलेल्या ग्राहकांना कर्ज देणारी. २००८ च्या हिशेबात तिथलं १०.६ अब्ज डॉलरचं गुडविल पुसावं लागलं. नॅशनल ऑस्ट्रेलिया बँकेची अमेरिकी उपकंपनी होमसाइड हे दुसरं उदाहरण. २००१ मध्ये गृहकर्ज सेवा-हक्कांच्या (शुल्क घेऊन हप्ते गोळा करण्याच्या हक्कांच्या) मूल्यांकनाच्या गणितात व्याजदराचं गृहीतक चुकीचं निघालं आणि अब्जावधी बुडाले. आयर्लंडच्या अलाइड आयरिश बँकेच्या अमेरिकी उपकंपनीत एकाच चलन व्यापाऱ्याने ६९.१ कोटी डॉलरचा तोटा दडवला होता, तो २००२ मध्ये उघड झाला.

जिथे जमलं तिथलं चित्र वेगळं आहे. स्पेनच्या बीबीव्हीए बँकेने मेक्सिकोत बँकोमर घेतली आणि आज गटाच्या नफ्यात सर्वांत मोठा वाटा मेक्सिकोचा आहे. तिथे बाजारात आघाडीचं स्थान होतं, स्थानिक चलनातल्या स्वस्त ठेवी होत्या, कर्जही त्याच चलनात. माझ्या मते देशांची संख्या फसवी आहे. दहा देशांत दोन-दोन टक्के बाजारहिस्सा असण्यापेक्षा दोन देशांत पंधरा टक्के असलेला बरा, कारण नियमपालन आणि तंत्रप्रणालीचा स्थिर खर्च प्रत्येक देशात नव्याने येतो. अमेरिकेच्या सिटीग्रुपने २०२१ मध्ये १३ देशांतला किरकोळ व्यवसाय सोडायचं ठरवलं, तेव्हा त्या बाजारांत स्पर्धेला पुरेसा आकार नाही हेच कारण दिलं होतं.

ताळेबंदवाचक

वार्षिक अहवालात आता कुठून सुरुवात करू?

मूर्तभांडवल

आधी भौगोलिक विभागांची टीप उघडा आणि देशवार नफा घ्या. विभागाला वाटून दिलेलं भांडवल व्यवस्थापन स्वतः ठरवतं, ते जसंच्या तसं घेऊ नका. जोखीम-भारित मालमत्ता गुणिले १२ टक्के अधिक गुडविल असा छेद स्वतः मांडा. मग स्वनिधीतल्या बदलांच्या तक्त्यात भाषांतर निधीची पाच वर्षांची बेरीज करा आणि त्या काळातल्या परदेशी नफ्यातून वजा करा. मूळ कंपनीच्या स्वतंत्र हिशेबात उपकंपन्यांकडून मिळालेला लाभांश दिसेल, तो एकत्रित हिशेबातल्या परदेशी नफ्याशी ताडून बघा. गुडविलच्या टीपेत सवलतीचा दर (भविष्यातला पैसा आजच्या मूल्यात आणण्याचा) आणि कायमस्वरूपी वाढीचा दर दिलेला असतो. दर १ टक्क्याने बदलल्यावर गुडविल टिकत नसेल, तर तो आकडा इथे टाका, पुढचं त्यावर बोलू.