ऑर्किडवरची खवले कीड जात नाही, नीम तेल चार वेळा मारून झालं

ग्रिलबाग:
मुलुंडला चौथा मजला, पूर्वेची खिडकी, बॉक्स ग्रिलमध्ये तीन फॅलेनोप्सिस आणि दोन डेंड्रोबियम. फॅलेनोप्सिसच्या पानांखाली मधल्या शिरेला लागून फिकट तपकिरी, चपटे, गोल ठिपके आहेत, मोहरीपेक्षा लहान. नखाने खरवडले की निघतात. पान जिथे बुंध्याला मिळतं तिथे पांढरा कापसासारखा भुगा आहे. ठिपक्याच्या बरोबर वर, पानाच्या वरच्या बाजूला पिवळे डाग पडतात. पानं चिकट होत नाहीत. शेजारच्या जास्वंदीवर मात्र चिकटपणा आणि मुंग्या दोन्ही आहेत. नीम तेल लिटरला ५ मिली, दर रविवारी, असे चार रविवार झाले. ठिपके जसेच्या तसे. कापूस दिसतो म्हणजे हा पिठ्या ढेकूण समजायचा का? आणि इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक घातलं तर चालेल का?

कोळसा_आणि_काथ्या:
पिठ्या ढेकूण नाही. पिठ्या ढेकणाला पाय असतात, टोचलं की हळूहळू सरकतो आणि तो जिथे असतो तिथे चिकटपणा असतो. तुमच्याकडे कवचवाली खवले कीड आहे, वर्णनावरून बॉइसडुव्हल स्केल. ऑर्किडवर हीच जास्त छळते. गोल ठिपके म्हणजे माद्या, कापसासारखा पुंजका म्हणजे नरांची कोषं. ही कीड रसवाहिनीतून न पिता पानातल्या पेशीच फोडून पिते, म्हणून चिकट स्राव नाही आणि म्हणूनच तोंडाच्या जागी पिवळा डाग. जास्वंदीवरची कीड वेगळी आहे, तिचा उपायही वेगळा.

इमिडाक्लोप्रिडचं उत्तर यातच आहे. ते रसातून वर चढतं. मऊ खवले कीड आणि मावा रस पितात, त्यांच्यावर लागू पडतं. कवचवालीपर्यंत पुरेसं पोचतच नाही. पैसे आणि महिना दोन्ही जातील.

नीमचं म्हणाल तर मादीचं कवच मेणाचं असतं आणि अंडी त्याच्याखाली. साधा फवारा वरून ओघळून जातो. फवाऱ्याने मरतात ती नुकती बाहेर पडलेली पिवळसर पिल्लं, जी एखाद-दोन दिवस रांगतात आणि मग बसून कवच धरतात. मुंबईत थंडी अशी पडतच नाही, त्यामुळे पिढ्या बारा महिने एकात एक चालू राहतात. मोठ्या माद्या हातानेच काढायला हव्यात.

आणखी एक, मेलेलं कवच आपोआप गळत नाही. एक ठिपका टाचणीने उचलून कागदावर दाबा. ओला डाग उमटला तर जिवंत, कोरडा चुरा झाला तर मेलेला. चार फवाऱ्यांचा उपयोग झाला की नाही हे आधी यावरून बघा.

पानदेठ:
हाताने काढायची पद्धत सांगते. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिस्टकडे मिळतं. आधी एका पानाच्या टोकाला लावून दोन दिवस थांबा. मग इअरबड बुडवून, निथळून घ्या. टपकता नको. ठिपक्यावर तीन-चार सेकंद टेकवून ठेवायचा, कवच सैल झालं की गोल फिरवून उचलायचा. घासत नेलात तर अंडी पानभर पसरतात. प्रत्येक पानाला नवा इअरबड. देठाच्या खाचेत इअरबड जात नाही, तिथे मऊ टूथब्रश अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून वापरा, पण मधल्या कोंबात थेंब उतरू देऊ नका. फुलांना लावू नका, डाग पडतात. काम झाल्यावर झाड दिवसभर उन्हापासून लांब. आणि हे करताना खिडकी उघडी, गॅस बंद.

डेंड्रोबियमला विसरू नका. कांड्यांवरच्या वाळक्या पांढऱ्या सालीखाली ही कीड लपते आणि तिथूनच परत येते. साल वर ओढली तर तळाचा डोळा (नवा फुटवा येतो ती जागा) मोडतो. नखाने मधोमध उभी चिरायची आणि दोन्ही अर्धी बाजूला सोलायची.

फॅलेनोप्सिसची वरची दोन बोटं कोळसा-काथ्या उकरून मुळं बघा. तिथे पांढरं दिसलं तर कुंडी बदलणं आलं. जुना काथ्या पिशवीत बांधून कचऱ्यात, जास्वंदीच्या मातीत नको.

कोळसा_आणि_काथ्या:
त्यानंतर फवारा. ५ मिली नीम तेलात आधी २ मिली पातळ साबण घोटा, दुधासारखं झालं की कोमट पाणी थोडं थोडं घालत लिटर करा. उलट केलं की तेल वर तरंगतं, शेवटचा फवारा निव्वळ तेलाचा होतो आणि पान भाजतं. केलेलं त्याच दिवशी संपवा. दर ७ दिवसांनी, किमान सहा वेळा. मधला एक आठवडा चुकला की त्या आठवड्यात निघालेली पिल्लं कवच धरून बसतात.

वेळ सकाळी सातच्या आत. संध्याकाळचा फवारा पावसाळ्यात रात्रभर सुकत नाही आणि फॅलेनोप्सिसचा कोंब कुजतो. खवले किडीने झाड मरायला महिने लागतात, कोंबकुजीला चार दिवस पुरतात. फवारल्यावर टिश्यूची वात करून कोंबातलं पाणी टिपून घ्या आणि दोन तास पंखा लावा.

ग्रिलबाग:
टाचणीने बघितलं. दहांपैकी सात ओले, तीन कोरडे. एका डेंड्रोबियमच्या सालीखाली पांढरा थर निघाला. नीम सोडून दुसरं काही आहे का? घरात लहान मूल आहे. आणि मुंग्यांचं काय?

पानदेठ:
सातावरून घाबरू नका, आधी माद्या काढा. सहा फवारे होऊनही ओले ठिपके मिळाले तर बुप्रोफेझिन २५ एससी, लिटरला १ मिली, १५ दिवसांनी पुन्हा एकदा. पिल्लांना कात टाकता येत नाही म्हणून ती मरतात, मोठ्या माद्या नाही. त्यामुळे फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, लगेच डोस वाढवू नका. घरात लहान मूल असताना हे ग्रिलमध्ये मारू नका. झाडं गच्चीवर न्या, हातमोजे-मास्क घाला, पूर्ण सुकल्यावरच परत आणा. माप बिनसुईच्या सिरिंजने, आणि ती सिरिंज त्या बाटलीलाच बांधून मुलाच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

मुंग्या तुमच्या ऑर्किडसाठी येत नाहीत, जास्वंदीच्या चिकट रसासाठी येतात. तरी त्यांचा बंदोबस्त करा, कारण जास्वंदीवरच्या किडीला खाणारे किडे त्या हुसकावून लावतात. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक पावडर, बाटलीच्या झाकणात कापूस भिजवून मुंग्यांच्या रांगेजवळ, मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी. पावडर जास्त घातली तर मुंगी वाटेतच मरते, वारुळापर्यंत पोचत नाही.

कोळसा_आणि_काथ्या:
पाचही ऑर्किड जास्वंदीपासून आणि एकमेकांपासून वेगळी करा, पानाला पान लागता कामा नये. पिल्लं पानावरून पानावर चालत जातात. स्वच्छ दिसणाऱ्या झाडाच्या देठाला दुहेरी चिकटपट्टीचा एक वेढा द्या आणि आठवड्याने भिंगाखाली बघा. पट्टीवर पिवळे कण दिसले तर तेही झाड फवाऱ्यात घ्या. फुलांच्या दांड्यावर नुसते पारदर्शक गोड थेंब दिसले, ठिपके मात्र कुठेच नाहीत, तर सोडून द्या. ऑर्किड तो रस स्वतःच सोडतं.